रुपरावाचा पत्ता चुकतो

रुपराव गजभिये खाटेवर चढला, बायकोची, इंदूबाईची, पितळी परात टोपीसारखी डोक्यावर उलटी धरली आणि नाक आभाळाकडं करून असा काही शिंकला की अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या थेट कुंपणापल्याड गेल्या.

"असा!" तो म्हणाला. "असा शिंकला थो लंडनच्या विमानतळावरचा गोरा साहेब. टोपी इकडं, चष्मा तिकडं. मले म्हणते, हे काय आहे? म्या म्हणलं, साहेब, जवसाची चटणी. थो म्हणते, नाही, बारूद आहे. म्या म्हणलं, बारूद तं बारूद! आमच्या इंदोऱ्यात थे भाकरीवर तेल टाकून खातेत!"

अंगण हसून लोळलं. मिलमधला बळीराम इतका हसला की त्याला ठसका लागला आणि शेजारच्यानं हौसेनं त्याच्या पाठीत चार धपाटे जास्तच घातले. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तरी रविवारी थंडीचं ऊन रुपरावाच्या अंगणात उतरलं की नागपुरातली ही इंदोऱ्याची वस्ती आपापली बसकणं घेऊन यायची. टॉकीजपेक्षा हे बरं. तिकीट नाही, वर चहा.

"अन् मंग चटणीचं काय झालं?" उंबऱ्याजवळून अंजनाबाईनं विचारलं. ती दर वेळी विचारायची.

"जप्त!" रुपराव परात खाली ठेवत म्हणाला. "राणीच्या खजिन्यात जमा झाली, बाई."

"कानोले पण?"

"कानोले पण."

"चला, कोणाच्या तं पोटात गेले," अंजनाबाई म्हणाली आणि लोकांबरोबर हसली.

चुलीपाशी बसलेल्या इंदूबाईनं चहात साखर टाकली. मग विसरून पुन्हा टाकली.

साहेब शिंकला हे खरं होतं. चटणी जप्त झाली हे साफ खोटं. त्या बिचाऱ्यानं नाक पुसलं, पुडकं परत दिलं आणि वर माफी मागितली. अंजनाबाईनं लेकासाठी दिलेली चटणी आणि करंज्यांसारखे कानोले विलायतेत जिथं पोचायचे तिथं बरोबर पोचले होते. रुपरावाच्या हातून टपाल कधी चुकलं नव्हतं, ते तेव्हाही चुकलं नाही.

रुपराव रेल्वेच्या टपाल खात्यात सॉर्टर होता. धावत्या गाडीत दिव्याखाली उभं राहून पत्रं कप्प्यांत फेकायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. 'नागपूर, टेकडीमागं, लंगड्या मास्तरच्या बाजूचं घर' एवढ्यावर त्यानं पत्र पोचवलेलं. उरलेला वेळ लोकांना टोप्या घालण्यात जायचा. एका थंडीत त्यानं वस्तीत सोडून दिलं की उद्या पहाटे नगरपालिका नळाला गरम पाणी सोडणार आहे. अर्धी वस्ती साबण घेऊन कुडकुडत उभी, आणि हा गोधडीत हसतोय. अशा माणसावर लोक रागावतात, पण त्याला कोणी येडा म्हणत नाही.

विलायतेहून आल्यापासून मात्र वस्ती त्याला खुशाल येडा म्हणत होती, आणि ते त्यानं स्वतः घडवून आणलं होतं.

त्यांची पोरगी विशाखा बर्मिंगहॅमला नर्स होती. तिनं आई-बापाला बोलावून घेतलं, सुट्टी काढून बसमधून फ्रान्स, स्वित्झर्लंडही दाखवलं. परत आल्यावर रुपरावानं जे सांगितलं ते असं: जाताना रोमला विमान बदलायचं होतं, तिथं तो आघाडीवर चालला आणि अख्खी रांग घेऊन हॉटेलच्या भटारखान्यात घुसला. पॅरिसमध्ये चालत्या जिन्यावर उलट्या बाजूनं चढत राहिला, इंदूबाई वर उभी राहून रडली. स्वित्झर्लंडात लघवीला उतरला तो जपानी लोकांच्या बसमध्ये जाऊन बसला. त्यांनी याला आपलाच कोणी म्हातारा समजून जेवू घातलं, फोटो काढले, आणि गाव ओलांडल्यावर पोलिसांच्या हवाली केलं.

"तुले कळलं नाही का गा, सारे चपट्या नाकाचे आहेत म्हणून?" बळीराम विचारायचा.

"मले वाटलं थंडीनं झाले असन!"

खरं काय होतं, तर रोमला सगळी रांग चुकत होती आणि पाट्या वाचून तिला बरोबर दाराशी नेणारा हाच. जिन्यावर उलटी चढली ती इंदूबाई. आणि जपान्यांच्या बसमध्ये चढला होता दुसराच एक गुजराती शेठ. रुपरावानंच त्याला हाताला धरून उतरवलं. सगळ्या जगाचा वेंधळेपणा त्यानं गोळा करून आपल्या अंगावर पांघरला होता. इंदूबाई मधून मधून, "हाव न, म्या लय शोधलं यायले," असं म्हणून त्याला टेकू द्यायची. ही तिची ओळ ठरलेली होती. ती म्हणताना तिची नजर चुलीत असायची.

हे सगळं एका दुपारसाठी होतं.

अंजनाबाईचा लेक रविंद्र रामटेके विलायतेतच, ब्रॅडफर्डला होता. नवरा लवकर गेला, तेव्हा अंजनाबाईनं धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयाचं काम करून, रोग्यांची घाणीची भांडी उचलून त्याला इंजिनिअर केलं. विलायतेला गेल्यावर त्याची पत्रं महिन्याला आली, मग नव्या वर्षाला, मग नाहीच. रुपराव निघाला तेव्हा तिनं आपल्या जुन्या पातळाच्या कापडात शिवलेलं पुडकं त्याच्या हातात ठेवलं. "भाऊ, नुसतं पाहून या. जाडा झाला का बारीक, एवढंच," म्हणाली.

विशाखाला ड्युटी होती, म्हणून दोघंच गेले. स्टेशनातून उजव्या हाताला, चढावर, कापडाच्या गिरणीची चिमणी मागं टाकली की तिसरी गल्ली. रुपरावानं कोणाला विचारलंसुद्धा नाही. घंटी दाबली आणि बाजूला होऊन इंदूबाईला पुढं केलं. गोवर आला तेव्हा रविंद्रला तिनंच आठवडाभर मांडीवर घेतलं होतं.

दार त्यानंच उघडलं. जाडा झाला होता.

"रवी, ओळखलं का बाबू?" इंदूबाई म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग पुडक्याकडं पाहिलं, आणि पुडक्याकडं जास्त वेळ पाहिलं. आतून एका बाईनं इंग्रजीत विचारलं, कोण आहे? त्यानंही इंग्रजीतच उत्तर दिलं. कोणी नाही, पत्ता चुकलेले लोक आहेत. मग या दोघांना, साहेब बोलतात तसं सावकाश, तेच पुन्हा सांगितलं आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हळूच लावलं, आजाऱ्याच्या खोलीचं लावतात तसं.

इंदूबाईनं पुडकं पायरीवर ठेवलं. समोर बसथांबा होता, तिथं दोघं बसली. एक बस गेली, दुसरी गेली. बारीक पाणी पडायला लागलं. पुडकं भिजत राहिलं, दार उघडलं नाही.

परतीच्या गाडीत इंदूबाई बोलली.

"घर भेटलंच नाही म्हणून सांगू."

"माह्या हातून पत्ता चुकला? कोण मानन वं?"

"मंग तसे येडे व्हा," ती म्हणाली. "असे येडे व्हा का लोक मानतीन."

आयुष्यात पहिल्यांदा रुपरावाला कोणी खोडी सुचवली होती, आणि त्याला हसू आलं नव्हतं.

आता अंगणात चहाचे कप फिरत होते. बळीरामचा पुतण्या धनपाल आज पहिल्यांदाच आला होता. शहाणा, गोरटेला, नवा शर्ट घातलेला. कापड-गिरण्यांचं शिक्षण घ्यायला तो येत्या आठवड्यात विलायतेला निघणार होता.

"कोण्या गावाले जाऊन राहिला?" रुपरावानं सहज विचारलं.

"ब्रॅडफर्ड, काका."

रुपरावाच्या कपातला चहा बशीत सांडला.

"सांगतलं नाही का तुमाले?" अंजनाबाई म्हणाली. ती उंबऱ्यावरून उठून पुढं आली, धनपालशेजारी बसली आणि पदराआडून पुडकं काढून तिनं त्याच्या मांडीवर ठेवलं. पांढरं कापड, बारीक टाके. वर जिभेला लावून ओली करायच्या जांभळ्या पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात पत्ता. "काल दिवसभर केले कानोले. चटणी नाही देली या बारीनं. उगाच साहेब शिंकाचा."

लोक हसले.

"भाऊ," ती रुपरावाला म्हणाली, "याले नीट समजावून सांगा. तुमी कुठी चुकले, थे सांगा. म्हणजे हा नाही चुकणार."

"त्याले काय सांगाचं बाई," रुपराव म्हणाला, "शिकलेला पोट्टा आहे, पत्ता लिहेल आहे, पोलिसाले विचारन..."

"पत्ता तं तुमच्याजवळ बी होता न. तुमच्यासारखा पत्त्यातला माणूस चुकला, म्हणजे त्या गावातच काही भानगड असन. कोण्या वळणावर चुकले थे सांगा."

इंदूबाईनं चुलीतलं जळतं लाकूड उगाच मागं ओढलं. धूर झाला. रुपरावानं तिच्याकडं पाहिलं, पण ती धुराआड होती.

बरोबर सांगावं तर हा शहाणा पोरगा सरळ त्या दाराशी जाणार. त्यालाही तेच ऐकायला मिळणार, आणि हा ते पोटात ठेवणार नाही. पहिल्याच पत्रात बळीरामला कळवणार, बळीराम मिलमध्ये सांगणार, आणि मिल सुटली की वस्तीला कळणार. चुकीचं सांगावं तर... रुपरावानं उभ्या नोकरीत एकही पत्र जाणूनबुजून भलत्या कप्प्यात टाकलं नव्हतं. एकदा साहेबानं रागात शिवी दिली होती तेव्हासुद्धा नाही.

"पाय धनपाल," त्यानं घसा साफ केला. "स्टेशनातून निघाला का डाव्या हाताले वळजो. डाव्या. उताराले लागजो. पुढं एक नहर आहे..."

"काका, हात तं तुमी उजवीकडं दाखवून राहिले," धनपाल म्हणाला.

रुपरावानं आपल्या हाताकडं पाहिलं. हात खरंच उजवीकडं होता, बोटं पुढं झालेली, कप्प्यात पत्र टाकताना होतात तशी.

"हात उजवीकडं, तोंड डावीकडं!" बळीराम ओरडला. "आता समजलं न, हा माणूस काहून हरवला थे!"

अंगणात पुन्हा हशा पिकला. रुपरावही हसला, जोरात हसला, आणि तो हात मांडीखाली दाबून बसला. हसण्यानं त्याला जरा धीर आला. मग त्यानं धनपालला त्या नहराच्या कडेनं चांगलं लांबवर नेलं, एका देवळावरून वळवलं, एका शाळेमागून काढलं आणि गावाबाहेर नेऊन सोडून दिलं. असं गाव जगात कुठं नव्हतं. पण रस्ता असा झोकात सांगितला की बळीरामसुद्धा मान डोलवत होता.

अंजनाबाई ऐकत होती. तिची नजर रुपरावाच्या तोंडावर नव्हती. मांडीखाली दाबलेल्या त्या हातावर होती.

"अन् दाराले रंग कोणता?" तिनं विचारलं. चटणीचं विचारायची त्याच आवाजात.

"हिरवा," रुपराव म्हणाला.

मग बळीरामनं मांडीवर थाप मारली.

"घ्या! घर भेटलं नाही, अन् दाराचा रंग सांगून राहिला! अबे फेकाड्या, फेकाले बी काही हद्द पाहिजे का नाही?"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. कोणी म्हणालं, रंग सांगितला तसा आता दारामागची खाट किती हाताची तेही सांग. अंजनाबाईही हसत होती. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले, जसे बळीरामनंही टिपले होते.

धनपाल मात्र हसला नव्हता. तो एकदा रुपरावाकडं, एकदा अंजनाबाईकडं बघत होता.

हसणं ओसरलं. कोणी विडी पेटवली, कोणी कप विसळायला नळावर गेलं. अंजनाबाई सरकत सरकत चुलीपाशी गेली.

"काय वं इंदू," ती हळू म्हणाली, "रंग नवा होता का?"

इंदूबाईनं वर पाहिलं. रुपराव चार हातांवर होता. त्यानं ऐकलं. इंदूबाईनं चुलीवरचं भांडं उतरवलं.

"हाव," ती म्हणाली. "नवाच होता."

"अन् खिडक्याले पडदे?"

"होते."

"अन् थो?"

इंदूबाईनं हातातलं फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

"जाडा झाला," ती म्हणाली.

"बरं," अंजनाबाई म्हणाली.

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, दवाखान्यात पाळी संपली की उठायची तशी. धनपालजवळ आली आणि त्याच्या मांडीवरचं पुडकं तिनं उचललं.

"राहू दे न मावशी, मी नेतो न," धनपाल म्हणाला. "वजन काही नाही याले."

"नको बाबू. तिकडं जप्त करतेत म्हणून आताच तं आयकलं."

"मी घर शोधून काढतो. काका काही सांगोत."

"तू तुही शाळा शोध पहिले," ती म्हणाली. "अन् गेल्या गेल्या मायले पत्र टाकजो. दोन ओळी लिह्य, पण टाकजो."

तिनं टाक्याचं टोक दातात धरून तोडलं आणि दोरा ओढला. बारीक घातलेले टाके एकामागून एक सुटत गेले. कापडाच्या आत वर्तमानपत्र होतं, त्यात कानोले, खोबऱ्याचे, एकसारखे, एकही न फुटलेला. तिनं ते परातीत ओतले. रुपराव ज्या परातीची टोपी करून शिंकला होता, तीच.

"घ्या रे. खा सारे."

"काय बाई, आज काय आहे?" बळीरामनं दोन उचलत विचारलं.

"काही नाही. लय झाले होते."

ती परात घेऊन फिरली. रुपरावापाशी आली तेव्हा त्याच्यासमोर थांबली. त्यानं वर पाहायला पाहिजे होतं. त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं. टाचांना भेगा होत्या.

"बाई..." तो म्हणाला.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "तुमी लय हरवले. थकले असान."

त्यानं एक उचलला. उजव्या हातानं. खाल्ला नाही, नुसता धरून बसला. बाजूला बळीराम तोंड भरून म्हणत होता, वा बाई, खसखस टाकली वाटते. कोंबड्या परत अंगणात आल्या होत्या आणि खाली सांडलेले कण टिपत होत्या.

अंजनाबाईनं रिकामं कापड उचललं. झटकलं. मग पत्त्याची बाजू आत करून त्याची घडी घातली, अजून एक घातली, आणि ती चौकोनी घडी काखेत धरली.

"कापड चांगलं आहे," ती इंदूबाईला म्हणाली. "धुतलं का कामी येईन."

रुपरावाला त्या जांभळ्या पेन्सिलीची जात माहीत होती. पाणी लागलं की तिचं अक्षर जात नाही. उलट जास्तच उमटतं.